हरकत असल्यास फादरना कळवावी

२ ऑक्टोबर, सकाळ
झग्याचं तिसरं बटण तुटलं. आपोआप. कात्री टेबलावर होती, हा योगायोग. शिंपीणबाईंना निरोप धाडला. विधवा, पस्तिशीच्या. हेतू शुद्ध. माझं वय सदुसष्ट, ब्रह्मचर्याचं व्रत चाळीस वर्षांचं, मुरलेलं.

दुपार
बाईंनी बटण अंगावरच लावलं. दोरा दातानं तोडला. शाळेत पाठ केलेल्या सगळ्या कविता एकदम आठवल्या. उद्याचं प्रवचन तेवढं आठवेना. निश्चय: यापुढे बटणं स्वतः लावणं.

५ ऑक्टोबर
दोन बटणं. कापड जुनं, काय करणार. बाई म्हणाल्या, "फादर, या वयात एवढी ओढाताण कशाला?" 'या वयात' सोडलं, तर वाक्यात माया होती. जाताना म्हणाल्या, "रविवारी मनातलं एक बोलायचंय." मी शांत. जेवण गेलं नाही, ते दाढेमुळे.

१० ऑक्टोबर, रविवार
बोलल्या. सुताराशी लग्न करायचंय. चर्चच्या छपराला ठिगळं लावतो, तोच. नियमानं तीन रविवार वेदीवरून दोघांची नावं वाचायची. कुणाची हरकत असल्यास त्यानं फादरना सांगायची. मला आनंद झाला. कप फुटला.

१७ ऑक्टोबर, रविवार
घोषणा राहिली. चष्मा सापडेना.

२४ ऑक्टोबर, रविवार
चष्मा होता, कागद राहिला. सुतार म्हणाला, "फादर, महिना संपला की आठवड्याभरात धरणाच्या कामावर हजर व्हायचंय. खोली लग्न झालेल्यांनाच देतात. नाहीतर मी एकटाच जाणार." फार वाईट वाटलं. निदान चेहऱ्यावर तसं आणलं.

२६ ऑक्टोबर
हरकत फादरना सांगायची. फादरनाच असेल तर? नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. सोय नाही.

२७ ऑक्टोबर
बाई आल्या. बसल्या नाहीत. "कुणाची हरकत आलीय का?" म्हटलं, एक आहे. "कुणाची?" माझा हात तिसऱ्या बटणावर गेला. बाई म्हणाल्या, "फादर, गावाला कधीच कळलंय. तुम्हालाच कळायचं राहिलंय." मग हळूच, "माझं घर नका मोडू."
एकाच घोषणेवर लग्न लावू द्यावं, असं पत्र बिशपसाहेबांना लिहिलं. उशिराचं कारण: आधी 'चष्मा' लिहिलं. खोडलं. 'माझी चूक' लिहिलं.

३१ ऑक्टोबर, रविवार
परवानगी काल आली. दोघांची नावं खणखणीत वाचली. हरकत आहे का, विचारलं. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.