तांबड्या पानांची कर्दळ

आये, माझ्या सुनेला बाल्कनीत मोठ्या पानांचं एक झाड हवंय. घर तिचं, हौस तिची, पण निवड माझ्यावर सोपवलीय, कारण म्हाताऱ्या माणसांना झाडांतलं कळतं असा तिचा समज आहे. काल दादरला रोपवाल्यांकडे फिरले आणि हात हलवत परत आले. मोठं पान दिसलं की मला तू दिसतेस, आणि तू दिसलीस की तुझा झील, माझा दादा आठवतो.

लालबागच्या चाळीत आपली खोली तळमजल्याला, मागे मोरीचं पाणी जिरायचं तिथे तुझं अळू. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघालेला दादा मागच्या दारात चपला सरकवतोय. "जेवन जा रे," तू म्हणतेस. "अळूवडी ठेव गो, येतंय," तो म्हणतो. तो आला नाही. गोळीबार झाल्याचं संध्याकाळी कळलं. बाबा इस्पितळं फिरले, चौक्या फिरले. मेलेल्यांत तो नव्हता, जखमींत नव्हता, पकडलेल्यांतही नव्हता. पुढे राज्य झालं, चाळीत पेढे वाटले, हुतात्म्यांना हार पडले. आपल्या दादाला हारही नाही आणि श्राद्धही नाही. श्राद्ध तू करूच दिलं नाहीस.

मग बाबांना अँटॉप हिलला तळमजल्यावरचं सरकारी क्वार्टर मिळालं. दुसरी कुणी आनंदाने नाचली असती. तू सामान बांधायला तयार नव्हतीस. दादा लालबागला आला तर शेजारी नवा पत्ता देतील, पण तिथल्या इमारती सगळ्या एका साच्याच्या, त्याला दार कसं सापडणार? म्हणून दारापुढे खुणेचं झाड लावायचं तू ठरवलंस. अळूचे कंद नेलेस, ते टेकडीच्या मुरमात तग धरेनात. तेव्हा मला घेऊन दादरच्या एका माळ्याकडे गेलीस. "पानां मोठी व्हयी. रस्त्यावरसून दिसाक व्हयी." त्याने केळ दाखवली. "केळ काय, सगळ्यांच्याच दारात. माझ्या झिलाक आपलां घर कसां गावतलां?" त्याने रंगीबेरंगी क्रोटन पुढे केलं. "ह्यां बघून तो म्हणतलो, ह्यां सायबाचां घर. आणि आल्या पावली फाटी जायत." माळी वैतागला. शेवटी कोपऱ्यात तुला तांबड्या पानांची कर्दळ दिसली, उंच, उन्हाला न जुमानणारी. तुझा चेहरा त्या दिवशी जेवढा फुलला तेवढा मी पुन्हा कधी पाहिला नाही. घरी बाबा एवढंच म्हणाले, "झाडां लावन माणूस येणा नाय गो." तू त्यांच्याशी कित्येक दिवस धड बोलली नाहीस.

कर्दळ माजली. खालच्या बसथांब्यावरून आपलं दार तांबडं दिसायचं. आणि मग शेजारणी कंद मागायला येऊ लागल्या. दारात आलेल्या बाईला कंद नाकारायची रीत आपल्यात नाही. नाही म्हटलं तर झाड रुसतं, असं तूच सांगायचीस. तू खणून खणून देत राहिलीस. दोन पावसाळ्यांत ओळीतल्या प्रत्येक दारापुढे तीच तांबडी पानं. एका दुपारी बाजारातून येताना तू स्वतःच शेजारच्या दारात शिरलीस. "काय वहिनी, घर विसरलात?" शेजारीण हसत म्हणाली. तू पिशवी टाकून तिच्या पायरीवर बसलीस. मी न्यायला आले तर म्हणालीस, "माकाच आपलां घर गावूक नाय." त्यानंतर तू दादाचं नाव घेतलं नाहीस आणि कर्दळीला पाणीही घातलं नाहीस. ती मात्र मेली वाढतच राहिली. मला तिचा राग यायचा, अजून येतो.

दादा आज असता तर नव्वदीला टेकला असता. मला ठाऊक आहे तो नाही. तरी प्रत्येक नव्या घरात पडदे लावताना मी आधी खाली रस्त्याकडे बघते, हा तुझाच वारसा. सुनेची बाल्कनी अकराव्या मजल्यावर आहे. काल एका रोपवाल्याने हत्तीच्या कानाएवढं पान दाखवलं, म्हणाला, "आजी, हे न्या, लांबून उठून दिसतं." आणि माझ्या लक्षात आलं, एवढ्या उंचीवरचं कुठलंच पान रस्त्यावरच्या माणसाला ओळखू येणार नाही. हे तुझ्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नसती, म्हणून लिहितेय, आणि लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही. आये, ते लक्षात आलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.