तांबडमळ्याच्या तलावातला गाळ

कराड,
१४ एप्रिल २०२५

ती. आप्पांस,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर माझं पुरतं ऐकून न घेताच तुम्ही गाळ उपसायची मीटिंग आहे म्हणून ठेवून दिलात. नंतर उचललाच नाहीत. म्हणून पत्र. पलटणीत असताना घरची पत्रं तुम्ही दोनदा वाचायचात, त्या भरवशावर लिहिते.

दिवाळीत मी आपल्या पाझर तलावात पाइप ठोकून गाळाची उभी कांडी काढली, तेव्हा तुम्ही काठावरच्या मंडळींना सांगत होता, की आमची पोरगी चिखलातच डॉक्टर झालीय. त्या कांडीचा रिपोर्ट आला. वरचा वीतभर गाळ ठीक आहे. त्याखाली चार बोटांचा काळपट थर आहे आणि त्यात कॅडमियम नावाचा धातू आहे, शेतात चालेल त्याच्या कितीतरी पट. हा धातू तळाशी बसून राहतो, म्हणून पाणी नितळ दिसतं. गाळ रानात पडला की तो पालेभाजीत चढतो आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात साठत जातो.

पंधरा वर्षं मी नद्या-ओढ्यांचे तळ तपासते आहे. असे कागद पुष्कळ पाहिले. पण आपल्या तलावाचा कागद हातात आल्यापासून एका जागी बसवत नाही. कांडी एकच आहे, माझी चूकही असू शकते. सगळ्या तलावातून नमुने घेईपर्यंत गाळ उपसू नका. पंधरा दिवस द्या.

बीपीची गोळी चुकवू नका. रागावलात तरी माया राहू द्या.

तुमची,
दीपमाला

*

तांबडमळा, ता. वाळवा,
१७ एप्रिल २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. जेसीबी त्याआधीच, पंधरा तारखेला लागला. पावसाच्या आत तलाव मोकळा करायचा तर थांबून भागत नाही. माझ्या नावावर गावानं समिती केलीय. मुरमाड रानाला गाळ म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. पहिल्या अकरा ट्रॉल्या अंबूअक्काच्या रानात टाकल्या. विधवा बहीण, तिचा नंबर शेवटी लावणं मला पटलं न्हाई. ती आता मेथी पेरणार आहे. लय खुशीत आहे.

तुझ्याच सहीचा २०१८ सालचा कागद ग्रामपंचायतीत भिंतीला आहे, तलावाचं पाणी निर्दोष म्हणून. सरपंचांनी चारचौघांत मला विचारलं, की बाईंचा नक्की कुठला कागद खरा धरायचा. पहाऱ्यावरचा जवान म्हणाला, काहीतरी हललं पण खात्री नाही, तर अख्खी कंपनी उठवत नाहीत पोरी.

कामाचं ऊन अंगावर घेऊ नकोस. लोभ आहेच, तो सांगायचा नसतो.

तुझे आप्पा

*

कराड,
२१ एप्रिल २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

उठवतात, आप्पा. तुम्हीच एकदा सीमेवर अख्खी कंपनी उठवली होती. रानडुक्कर निघालं, तरी तुम्हाला शाबासकी मिळाली. ही गोष्ट आम्ही किमान पन्नास वेळा ऐकली आहे.

तो २०१८ चा कागद खोटा नाही, अपुरा आहे. गौरीला आले होते, घाईत दोन बाटल्या पाणी भरून नेलं. तळ तपासायला हवा हे मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्यांच्या गावात मी तो तपासलाच असता. आपल्या गावात काय असणार, म्हणून सोडला. तो कागद काढा आणि त्या जागी हे पत्र लावा. सरपंचांना सांगा, की चूक तिची आहे आणि ती कबूल करते.

शुक्रवारी पाइप घेऊन येते. तोवर अंबूआत्याला पेरू देऊ नका.

आणखी एक. त्या थराचं वय वीस-बावीस वर्षांचं दिसतं. तेव्हा तलावात येणाऱ्या ओढ्यावर एकच कारखाना होता, नट-बोल्टांना मुलामा देणारं ते शेड. पलटणीतून आल्यावर तुम्ही त्याच्या गेटवर होता. तिथलं पाणी कुठं जायचं?

तुमची,
दीपमाला

*

तांबडमळा,
९ मे २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

तू तीन दिवस गुडघाभर चिखलात उभी होतीस. मी काठावर छत्री धरून होतो. तू पत्रातला प्रश्न तोंडानं विचारला नाहीस आणि मी उत्तर न देता तुला एसटीत बसवलं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. रानात जातो, तिथं काम सुचत नाही. घरी आलो की पुन्हा तलावावर जाऊन उभा राहतो.

आता लिहितो. १९९९ ते २००८ मी त्या गेटवर होतो. महिन्यातून दोनदा पिंपं बाहेर काढून ओढ्यात उपडी करायचे. पिवळट-हिरवं पाणी. गेट मी उघडायचो आणि रजिस्टरला 'कचरा बाहेर' असं लिहायचो. एकदा मासे मेले, तेव्हा मालकांना विचारलं. ते म्हणाले ओढा वाहता आहे, सगळं वाहून जातं. मी मानलं. मानायचं होतं म्हणून मानलं. तुझं कॉलेज चालू होतं, नोकरी सोडायचा धीर झाला नाही.

तुझं दुसरं पत्र आल्यावर जेसीबी थांबवला तोसुद्धा बिघाड झालाय असं खोटं सांगून. काल ग्रामसभेत मात्र उभा राहून सगळं सांगितलं. मग बायकांतनं अक्का उठली. म्हणाली, "लाला, तुला म्हाईत हुतं, आन् माज्याच रानात पयलं टाकलंस?"

मी म्हणालो, "गाळात काय हाय ते म्हाईत न्हवतं, अक्का. पण मी कुणाला इचारलंबी न्हाई."

ती निघून गेली. तिनं तुझा निरोप पोचायच्या आदल्या दिवशीच मेथी पेरली होती. समितीचं पद मी सोडलं.

पटलं तर माया ठेव.

आप्पा

*

कराड,
२६ मे २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा नाही, कितीदा वाचलं ते सांगत नाही. रागही आला. म्हणूनच उत्तर लिहायला इतके दिवस लागले. माझ्या आठवणीत तुम्ही त्या गेटवरून घरी यायचात ते कडक इस्त्रीच्या खाकीत.

वीस कांड्यांचे निकाल आले. ओढा तलावात शिरतो त्या बाजूलाच तो थर आहे. बांधाकडचा गाळ स्वच्छ आहे, तो लोकांनी बेलाशक न्यावा. ओढ्याकडचा फक्त आत्याच्या रानात पडला, तो सगळा खरवडून, खाली जाड ताडपत्री घातलेल्या खड्ड्यात झाकून ठेवायचा. जिल्ह्याच्या कार्यालयाला मी अहवाल देते आहे, पुढची विल्हेवाट ते लावतील.

अडचण एकच आहे. शेडचे मालक म्हणतात, तिथं नुसतं गोदाम होतं. रजिस्टर कुणाकडे नाही. डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारे तुम्ही एकटेच. अहवालात मी 'एक स्थानिक रहिवासी' एवढंच लिहिलं आहे. तुमच्यावर बालंट यावं असं मला वाटत नाही, आणि असं लिहून चैनही पडत नाही. काय करू?

तुमची,
दीपमाला

*

तांबडमळा,
१ जून २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्काच्या रानातला गाळ चार दिवस खरवडत होतो. पहिल्या दिवशी मी आणि एक गडी, तिसऱ्या दिवशी आठ माणसं न बोलावता आली. मेथी वीतभर वाढलेली, हिरवीगार. अक्कानं ती स्वतःच्या हातानं उपटली आणि शेळीलासुद्धा न घालता खड्ड्यात टाकली. माझ्याशी बोलत नव्हती. काल दुपारी चहा घेऊन बांधावर आली, मी पिईपर्यंत उभी राहिली आणि कप घेऊन गेली.

सोबत माझा जबाब आहे. सालं, पिंपांची संख्या, गेट कुणाच्या हुकमानं उघडलं ते सगळं आठवेल तसं लिहिलंय. सरपंचांसमोर सही केलीय. मालक मला कोर्टात ओढतील तर ओढू देत. पाय चालतील तिथवर चालेन.

स्थानिक रहिवासी म्हणजे कुणीही होतो, आणि त्या गेटवर कुणीही नव्हतं, मी होतो. खाली नाव पूर्ण लिहिलं आहे. तुझं माझं नातं बघून ते गाळू नकोस.

सुभेदार (निवृत्त) लालासाहेब ज्ञानू शेवाळे