तुझ्या नावाने कोण येतं?

१७ नोव्हेंबर

चि. भुंग्या,

अनेक आशीर्वाद, पण त्याआधी पाठीत एक धपाटा. फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. रंगाचं दुकान बरं चाललंय.

समोरच्या टायरवाल्याचे संगणकातले सगळे हिशेब कुणीतरी दुरूनच कुलूपबंद केले आणि सोडवायचे पैसे मागितले. तेव्हापासून आप्पांनी धसका घेतलाय. हो, तेच आप्पा! तू हिशेबाचं सॉफ्टवेअर आणलंस तेव्हा "हे खेळणं माझ्या दुकानात नको" म्हणून घर डोक्यावर घेणारे. त्या भांडणात तू निघून गेलास, आणि आता ते रोज सकाळी त्याच खेळण्यासमोर चष्मा पुसत बसतात.

तर सुरक्षेची योजना आखायला एक सल्लागार बाई येतात. कडक आहेत. सगळ्यांची खाती वेगळी पण पासवर्ड एकच, हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. कुणाला काय दिसावं, हिशेबाची दुसरी प्रत कुठे ठेवावी, सगळं माझ्याकडून लिहून घेताहेत.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले, उगाच कपाट आवरलं. सांगूनच टाकते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तुझ्या नावाने कुणीतरी आत यायचं, नोंदीत मला दिसायचं. काही बदलायचं नाही, काही न्यायचं नाही. महिन्याची विक्री बघायचं आणि जायचं. चोर असेल तर दुकान बसेल, हे मला कळत होतं. तरी गप्प राहिले. वाटायचं, तूच असशील. विक्री चांगली झाली की मला आधी आठवायचं, आज हे तुला दिसेल.

काल राहवेना, बाईंना सांगितलं. त्या भडकल्याच. तुझं खातं त्यांनी तिथल्या तिथे बंद केलं. तो तूच असशील तर तुला वाटेल, आम्ही तुला कायमचं बाहेर काढलं. तसं नाही रे. म्हणून ही घाई, अक्षर बघतोयस ना.

शुक्रवारी नवी खाती उघडायची आहेत. प्रत्येकाने दुकानात येऊन, समोर बसून उघडायचं, हा नियम मी घातलाय. बाई म्हणाल्या, "एवढं कशाला? फोनवरूनही होतं की." मी म्हटलं, "राहू द्या."

संध्याकाळी योजना आप्पांना वाचून दाखवली. नव्या खात्यांत तुझं नाव आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "शुक्रवारी दुकान लवकर बंद करू नकोस. त्याला नेहमी उशीर होतो."

आत येणारा तू नसलास, तरीही ये.

वाट बघणारी,
तुझी ताई