डबीतलं टोक

प्रिय आई,

तू गेल्याला दोन वर्षं झाली आणि तुला पहिलं पत्र लिहितेय ते गुन्हा कबूल करायला. उद्या सोमवारी साडेआठला आमच्या कारखान्यातून अमेरिकेला जाणाऱ्या फ्रॉकचे खोके ट्रकमध्ये चढतील. मला फार भीती वाटतेय गं.

काल सकाळी भाग्याच्या मशीनवर सुई मोडली. तीच भाग्या, जिला तू इथे कामाला असताना कॉलर लावायला शिकवलंस. आमचा नियम तुला काय सांगायचा! मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे आणून द्यायचे, तपासनीस म्हणून मी ते वहीत चिकटवून सही करायची, मगच नवी सुई. लहान मुलांचे कपडे ते, आत टोक राहिलं तर? तिकडचं गिऱ्हाईक ही वही बघितल्याशिवाय माल घेत नाही.

टोक सापडलं नाही. चुंबक फिरवून झालं, फरशी झाडून झाली. आठवतं, एकदा तू मशीनची अख्खी लाइन थांबवून तासभर जमिनीवर बसलीस आणि टोक निघालं तुझ्याच अंबाड्यातून? आम्ही सगळ्या हसलो. तू मात्र ते टोक वहीत चिकटवूनच उठलीस.

मी काल लाइन थांबवली नाही. कारण ऐक, मग रागव. तिकडच्या सरकारनं आपल्या कपड्यांवरचा आयातकर एकदम वाढवलाय. उद्या निघालेला माल जुन्या करात बसतो, त्यानंतरचा नाही. त्या नव्या करानं आमचा फ्रॉक कोण घेणार? उशीर झाला तर ऑर्डर रद्द, असं गिऱ्हाइकानं कळवूनच टाकलंय. मागच्या गल्लीतला कारखाना असाच बंद पडला, आता तिथल्या बायका आमच्या फाटकाशी काम विचारत उभ्या असतात. सुई शोधायचं यंत्र आमच्याकडे नाही. माल बाहेर तपासायला पाठवला की दोन दिवस गेलेच.

"अक्का, पडलं असेल कुठल्या तरी फटीत," मालक त्यांच्या कानडी ढंगात म्हणाले. "स्वल्प अ‍ॅडजस्ट करा ना."

भाग्यानं माझी बाही धरली. "शैलक्का, माझ्यामुळे सगळ्यांचं काम जाणार काय?"

आणि मी काय केलं? माझ्या टेबलाच्या खणात तुझी डबी आहे, घरच्या मशीनवर मोडलेल्या सुयांची. खंडेनवमीला तू मशीनबरोबर तिलाही हळदकुंकू लावायचीस. "ह्यांनी पण आपलं पोट भरलंय," म्हणायचीस. त्यातलंच एक टोक मी वहीत चिकटवलं आणि सही केली. भाग्याच्या सुईशी ते नीट जुळतही नव्हतं. कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत भाग्याचे फ्रॉक मापाप्रमाणे वेगळे होऊन सगळ्या खोक्यांत गेले. आता डोळे मिटले की एक निळा फ्रॉक दिसतो. कुणाची तरी आई तो बाळाच्या डोक्यातून घालतेय आणि बाळ एकदम किंचाळतं. डोळे उघडले की आमच्या साठ जणी दिसतात, फाटकाच्या बाहेर उभ्या. सांग ना, यातल्या कशाला जास्त घाबरू?

तुझाही राग आलाय मला. "माझी शैला घाबरट आहे, म्हणून नीट तपासते," असं चारचौघींत कौतुक करायचीस. ऐन वेळी ती घाबरट शैला कुठे गेली? की घाबरली म्हणूनच असं वागली?

उद्या मी आठलाच जाईन. मालकांसमोर वहीतली ती चिकटपट्टी सोलून तुझं टोक काढून घेईन आणि सगळे खोके उघडायला लावीन. ते ओरडतील, कदाचित मला घरी पाठवतील. भाग्या काय म्हणेल याची जास्त धास्ती आहे. पण मी बोलेन, आई.

यंदा खंडेनवमीला पुजायला कारखान्यातलं मशीन असेल की नाही, ठाऊक नाही. तुझी डबी मी पुजेन, आणि तिच्यातलं एकही टोक कमी नसेल.

तुझी घाबरट,
शैला