तिघांचा कोट

सर,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी चिडले. तुमच्याशी माझं एक भांडण शिल्लक होतं आणि ते न ऐकताच तुम्ही निघून गेलात. इतक्या वर्षांनी लिहिते आहे ते मन हलकं करायला नव्हे. वर्गात तुम्ही जे बोललात त्याचं उत्तर आता माझ्या हातात आहे, आणि ते तुमच्या तोंडावर फेकायला तुम्ही जागेवर नाही.

दौंडच्या शाळेत आठवीला तुम्ही आम्हाला इतिहास शिकवत होता. घरातला सगळ्यात जुना फोटो घेऊन या, म्हणालात. आमच्या घरात तसा एकच होता, पणजोबांचा. ते मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या राज्यातून, दौंडला आले आणि रेल्वेच्या यार्डात कोळसा उतरवायला लागले. आईनं खिळ्यावरची फ्रेम काढून पदरानं पुसून दिली. "पाडू नको," एवढंच म्हणाली. मी ती छातीशी धरून शाळेत येते. तुम्ही फ्रेम घेता, खिडकीच्या उजेडात धरता, आणि तुमच्या मिशा हलायला लागतात.

"कुणाचा गं हा कोट? पणजोबांचा, की फोटोवाल्याचा?"

"पणजोबांचाच, सर."

"मग बाह्या मनगटाच्या एवढ्या वर का?"

वर्ग हसला. "उसना कोट, उसना रुबाब," तुम्ही म्हणालात. "मोगलाईतून आले कोळसा उचलायला, आणि फोटोत बघा, साहेब!" मागच्या बाकावरून कुणीतरी "ए उसनी" अशी हाक मारली. तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. मी शाळा सोडेपर्यंत माझं नाव तेच राहिलं. त्या संध्याकाळी आईनं फ्रेम पुन्हा खिळ्याला लावली आणि मी काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी त्या कोटाच्या मागे लागले. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत कागद होते. रेल्वेच्या एका दाखल्यावर पणजोबांचा अंगठा, आणि गावाच्या जागी नुसतं 'मोगलाई'. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याबद्दल दुसरेच लिहितात, तेही त्यांच्या कामापुरतं. गावाचं नाव विचारायचेही कष्ट त्या कारकुनानं घेतले नव्हते. मी हाताला लागेल ते वाचलं, बोलायला शिकले, आणि गावोगावच्या जयंतीला मला बोलावणी यायला लागली. व्यासपीठावरून मी ज्याला ज्याला झोडपलं त्याला तुमचा चेहरा होता. लोकांना वाटायचं, बाईंच्या आवाजात केवढी धार आहे. ती धार कुठं लागली ते मलाच ठाऊक.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस शिरूरला माझं भाषण झालं. नंतर वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मामांनी चहाला घरी नेलं. कप हातात घेतला आणि समोरच्या भिंतीवर तोच कोट दिसला. माणूस दुसरा, ठेंगणा. कोट मात्र तोच, वरच्या खिशाची शिवण तशीच उसवलेली.

"मामा, हे कोण?"

"माझा आजा. दौंडाला कोळशावर व्हता."

"आणि कोट?"

मामा खो खो हसले. "कोट तिघांचा, ताई! एकट्याला कुठला परवडतूय? तिघांनी मिळून शिवला. ज्याची सोयरीक, ज्याचा फोटो, त्याच्या अंगावर. माप कुनाचं द्यायचं यावरनं दोन दिस बोलत नव्हते म्हनं. शेवटी मधल्याचं दिलं. माझ्या आज्याला पार गुडघ्यापत्तुर आला बगा."

"माझ्या पणजोबांना बाह्या आखूड झाल्या."

"उंच आसतील मग. फोटू गावाकडं धाडायचा व्हता ना. आईनं बघावं, पोरगं धड हाय."

मामांनीच तिसऱ्याचं घर सांगितलं, केडगाव स्टेशनजवळ. तिथल्या फोटोत कोट अगदी बेतून शिवल्यासारखा बसला होता. सर, तुमची नजर चांगली होती. कोट पणजोबांच्या मापाचा नव्हता, हे तुम्ही बरोबर हेरलंत. पण तो उसना नव्हता. परक्या मुलखात कोळशानं काळ्या झालेल्या तीन माणसांनी मिळून एक इज्जत शिवून घेतली आणि ती पाळीपाळीनं अंगावर घातली. असला इतिहास तुम्हाला तुमच्या वर्गात चालत आला होता. तुम्ही त्याला हसून बाहेर काढलंत.

पुढं शाळेनं मला वार्षिक समारंभाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मी तिन्ही फोटो मोठे करून नेले आणि एकापाठोपाठ एक मुलांपुढं धरले. मग तुमचं नाव घेतलं. आडून नाही, पूर्ण नाव, आडनावासकट. तुमची दोन्ही वाक्यं तुमच्याच ठेक्यात म्हणून दाखवली. भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो होता, त्याच्याकडे बोट करून म्हणाले, याला उत्तर द्यायला आज मी आले आहे. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

पहिल्या रांगेत तुमच्या पत्नी बसल्या होत्या, हे मला खाली उतरल्यावर कळलं. त्या काठी टेकत माझ्याकडे आल्या. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, असं त्या म्हणाल्या तर काय सुनावायचं, ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"बरोबर बोललात," त्या म्हणाल्या. "घरातही असंच बोलायचे. माझ्या माहेरच्यांवर तर रोज. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

मी चहा घेतला. त्या शेजारी बसून राहिल्या.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, सर. आता तर त्यांच्याही वाट्याचा राग माझ्याकडे आहे. हे पत्र पाठवायचं तर त्यांच्याच पत्त्यावर पाठवावं लागेल, आणि तुमच्या नावाचं आणखी काही त्यांच्या हातात पडावं असं मला वाटत नाही. म्हणून ते इथंच राहील. समारंभाहून घरी आल्यावर मी टाळ्यांचं सगळं रंगवून सांगितलं. तुमच्या पत्नी काय म्हणाल्या, ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही.