ब्रिस्कोला उंबऱ्यावरून परत फिरली

फेरारा, इटली

आई,
तुझ्या हाताचा मुका घेते. मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

ईस्टरला येणं जमत नाही गं. मी सांभाळते त्या एर्सिलियाबाईंच्या मांजरीला, ब्रिस्कोलाला, विषाणूचा आजार जडलाय, बरा न होणारा. इतर मांजरांना लागण होईल म्हणून तिला बाहेर सोडायचं नाही. औषध घेते तीही माझ्याच हातून. बाई म्हणतात, “तू गेलीस की आम्ही दोघी मेलोच समज!”

काल इथली माझी मैत्रीण ल्यूबा आपल्या गावाहून आलेल्या गाडीतलं तुझं पार्सल घेऊन आली. दार उघडं राहिलं. ब्रिस्कोला उंबऱ्यापर्यंत गेली, वास घेतला आणि परत फिरली.

ल्यूबा म्हणाली, “अगं, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तरी चल!” मी चपला घातल्यासुद्धा होत्या. मग मीही परत फिरले आणि आतून कडी लावली.

घर छान उबदार आहे, काळजी करू नकोस.

तुझीच,
रोदिका