न वाचता केलेली सही

आप्पा, पंचेचाळिसाव्या वर्षी मी गुन्हेगारीशास्त्राचं एम. ए. करते आहे, तेही घरबसल्या, ऑनलाइन, आणि त्याचा सगळा वैताग आज तुमच्यावर काढणार आहे. शेजारचे पॉवरलूम सुरू असले की सरांचं व्याख्यान ऐकू येत नाही, आणि ते थांबतात तेव्हा वीज गेलेली असते, म्हणजे नेटही गेलेलं. पण याला मी सरावले. खरा ताप तुमचा आहे.

या सत्राचा निबंध पंचनाम्यावर आहे. स्वतः पाहिलेलं एखादं उदाहरण द्या म्हणतात. मला एकच ठाऊक आहे, लहानपणचं. वडगावच्या घरात तुम्ही मागावर बसला आहात, साडी अर्ध्यावर आलीय, मी शेजारी सुताच्या कांड्या भरते आहे. दारात पोलीस येतो. "आप्पा, पंच म्हणून एक सही पायजे." तुम्ही हात पुसता आणि करता. आपल्या सीमाभागात ठाण्याचा कागद कन्नडात, तुम्हाला कन्नड बोलता यायचं, वाचता कुठं यायचं? ठाणं जवळ आणि तुम्ही भिडस्त, म्हणून दर वेळी पंच तुम्हीच.

त्या दिवशीच्या कागदात लिहिलं होतं की गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, सूत रंगवून देणाऱ्या रंगाऱ्याच्या घरात चोरीचं रेशीम तुमच्यादेखत सापडलं. संध्याकाळी त्याला नेलं तेव्हा आम्हाला ते कळलं. मी म्हणाले, "आप्पा, तुमी तर सकाळपासनं हितंच होतासा."

"तू कांड्या भर गं. पोलीस खोटं लिवत्यात व्हय?"

पुढे कोर्टातही तुम्ही सही माझीच म्हणालात, सगळं माझ्यासमोर झालं म्हणालात. रंगाऱ्याला शिक्षा झाली. त्याची बायको जांबोटीला माहेरी निघाली, पण त्याआधी आपण रंगवायला दिलेलं सूत आणून दिलं. "हे तेवढं ऱ्हायलं हुतं," एवढंच म्हणाली. आई आत जाऊन रडली. आणि तुम्ही, एक धागा वाया घालवला तर ओरडणारे, ते सूत कधीच मागावर चढवलं नाहीत. माळ्यावर टाकून दिलंत.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मग बोलला का नाहीत? मला राग येतो आप्पा, अजून येतो. निबंधात हे दहा वेळा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं की पंच अशिक्षित होता, त्याला फसवण्यात आलं. कोर्टातलं काही लिहिलं नाही आणि सुताचंही नाही. तुम्ही गेल्यापासून ते सूत माझ्याकडे एका पिशवीत आहे, तुम्हाला लिहिलेला हा कागदही त्याच पिशवीत ठेवीन.

काल निबंध पाठवताना खाली इंग्रजीत लांबलचक प्रतिज्ञापत्र आलं. वरील सर्व मजकूर वाचला आहे आणि निबंधात लिहिलेलं खरं आहे, अशा शेवटच्या ओळीपुढे खूण करायची होती. मी केली. वाचलं काहीच नव्हतं.